रंगांचा पारखी

पॅरिस शहराच्या दक्षिण भागात गोब्लँ नावाचा एक फार जुना कारखाना आहे. तेथे कापड विणले जात नाही. तेथे चित्रे विणली जातात. मागावरच्या ताण्यातून लोकरीचे व रेशमाचे रंगीत धागे खेळवीत तेथील विणकर शिकारीचे प्रसंग, पुराणकथा, बागा, लढाया आणि राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्या धाग्यांनी उभ्या करतात. अशा विणीव चित्रांना चित्रजवनिका असे म्हणतात. काम इतके नाजूक असते की, एक चौरस मीटर वीण पुरी होण्यास एका कारागिराला वर्षभर लागते. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत १६६२ साली हा कारखाना राजसत्तेने आपल्या हाती घेतला आणि तेव्हापासून गोब्लँच्या चित्रजवनिका ही फ्रान्सची शोभा होऊन बसली.

परंतु यांपैकी एखादी जुनी चित्रजवनिका नीट निरखून पाहिली, तर मनाला चुटपुट लागते. तिच्यातील झाडे हिरवी नसतात, निळी असतात. माणसांच्या चेहऱ्यांवरील लाली नाहीशी होऊन ते पांढुरके दिसू लागलेले असतात. तीच चित्रजवनिका उलटी करून तिची भिंतीकडची बाजू पाहावी, तो तेथे हिरवीगार पाने आणि तजेलदार चेहरे जसेच्या तसे राहिलेले आढळतात! चित्र विणणाऱ्याने झाडे हिरवीच विणली होती. हिरवा धागा तयार करण्यासाठी रंगाऱ्याने तो पिवळ्या आणि निळ्या अशा दोन रंगांत बुडविला होता. खिडकीतून येणाऱ्या उजेडाने पिवळा रंग हळूहळू खाऊन टाकला आणि निळा तेवढा मागे उरला.

पिवळा रंग का उडाला आणि निळा का टिकला, हा प्रश्न ज्याने आयुष्याची अनेक वर्षे खर्ची घालून सोडविण्याचा प्रयत्न केला, त्या रसायनशास्त्रज्ञाचे नाव मिशेल यूजीन शेव्रेल.

शेव्रेलचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्सच्या पश्चिम भागातील आंझे या गावी झाला. त्याचे वडील नावाजलेले वैद्य होते. घराणे दीर्घायुषी होते. वडील व आई दोघेही नव्वदी ओलांडून गेली. शेव्रेल तीन वर्षांचा असताना फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. आंझेच्या आसपास तर यादवी युद्धच माजले होते. शाळा बंद पडल्या होत्या, त्यामुळे त्याचे आरंभीचे शिक्षण घरीच झाले. गावातील चौकात शिरच्छेदाचे यंत्र उभारलेले असे. दोन तरुण स्त्रियांना तेथे दिलेला देहदंड त्या कोवळ्या वयात त्याच्या दृष्टीस पडला आणि ती आठवण त्याच्या मनातून शंभर वर्षांतही पुसली गेली नाही.

क्रांतीची धामधूम ओसरल्यावर आंझे येथे नव्या धर्तीचे विद्यालय निघाले. तेथे चार वर्षे शिकून १८०३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पॅरिसला आला आणि व्होक्लँ या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. व्होक्लँ हा शेतकऱ्याचा मुलगा. स्वतःच्या कष्टाने वर आलेला. होतकरू मुलगा कसा ओळखावा, हे त्याला चांगले ठाऊक होते. अवघ्या तीन वर्षांत त्याने आपल्या प्रयोगशाळेची देखरेख या तरुणावर सोपविली. शेव्रेलने प्रथम हाती घेतलेल्या पदार्थांत नीळ होती; रंग देणारी अमेरिकेतील काही लाकडेही होती. म्हणजे रंगांशी त्याची गाठ विद्यार्थिदशेतच पडली होती. परंतु त्याचे नाव प्रथम गाजले ते रंगांमुळे नव्हे, चरबीमुळे!

१८११ च्या सुमारास साबणाचा एक नमुना पृथक्करणासाठी त्याच्याकडे आला. डुकराची चरबी आणि क्षार यांपासून तो बनविलेला होता. त्या साबणातून शेव्रेलला मोत्यासारखे चकचकीत स्फटिक मिळाले आणि ते आम्लधर्मी आहेत असे दिसून आले. साबण मनुष्य हजारो वर्षे करीत आला होता. पण तो करताना चरबीचे नेमके काय होते, हे कोणासच माहीत नव्हते. शेव्रेल त्या एका प्रश्नाच्या मागे बारा वर्षे लागला. तेल व चरबी हे पदार्थ आम्ले आणि ग्लिसरीन यांच्या संयोगाने बनलेले असतात, क्षार घातला म्हणजे आम्ले क्षाराशी मिळून साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळे होते, हे त्याने सिद्ध केले. १८२३ साली हे सर्व संशोधन त्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ग्लिसरीन, ओलेइक आम्ल, स्टिअरिक आम्ल, ब्युटिरिक आम्ल ही आज शाळेतील पुस्तकांतून आढळणारी नावे त्यानेच रूढ केली. याच काळात त्याने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मधुमेही रुग्णाच्या लघवीत सापडणारी साखर ही द्राक्षांतील साखरेहून वेगळी नाही. चरबीपासून वेगळे काढलेल्या घट्ट आम्लाच्या मेणबत्त्या करण्याचा हक्क त्याने गे-ल्युसॅकबरोबर १८२५ साली मिळविला. त्या धंद्यात दोघांनाही यश आले नाही; परंतु पुढील दशकात इतरांनी वातीची अडचण दूर केली आणि धुराने व दुर्गंधीने नकोशा झालेल्या चरबीच्या मेणबत्त्या घरोघरच्या मेजांवरून हळूहळू हद्दपार झाल्या.

१८२४ साली राजा अठरावा लुई याने शेव्रेलची गोब्लँच्या कारखान्यातील रंगखात्याचा संचालक म्हणून नेमणूक केली. त्या वेळी तो अडतीस वर्षांचा होता. पुढे जवळजवळ साठ वर्षे तो या कामाशी बांधलेला राहिला.

कामावर येताच त्याच्यापुढे तक्रारी दाखल झाल्या. त्यांतील काही उडणाऱ्या रंगांविषयी होत्या. परंतु सर्वांत मोठी तक्रार होती काळ्या रंगाविषयी. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या चुण्या दाखविण्यासाठी विणकर काळा धागा वापरीत. तो काळा धागा निस्तेज दिसतो, त्याला खोली येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोष अर्थातच रंगाऱ्यांच्या माथी मारला जात होता. ज्या रंगाऱ्याचा काळा रंगही वठत नाही, त्याची अब्रू ती काय राहणार!

दुसरा एखादा अधिकारी असता, तर त्याने रंगाऱ्यांना ताकीद देऊन हात झटकले असते. शेव्रेलने तसे केले नाही. फ्रान्समधील उत्तमोत्तम रंगशाळांतून, तसेच लंडन आणि व्हिएन्ना येथून त्याने काळी लोकर मागविली आणि ती गोब्लँच्या लोकरीशेजारी ठेवून पाहिली. गोब्लँचा काळा कोणत्याही काळ्यापेक्षा कमी नव्हता. मग दोष होता कोठे? शेव्रेलने तोच काळा धागा निरनिराळ्या रंगांच्या सान्निध्यात ठेवण्यास आरंभ केला आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आले की, धाग्यात काहीच बिघडलेले नाही. बिघाड होतो तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात. दोन रंग एकमेकांशेजारी आले म्हणजे डोळा त्यांच्यातील भेद आहे त्याहून अधिक करून दाखवितो. गडद निळ्याशेजारी काळ्यावर तांबूस नारिंगी झाक आल्याचा भास होतो आणि तो मळकट दिसू लागतो. तोच काळा पांढऱ्याशेजारी ठेवला, तर काजळासारखा दाट दिसतो!

या एका तक्रारीतून रंगविरोधाचा नियम जन्मास आला. १८३९ साली शेव्रेलने त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. चित्रकार, माळी, छापणारे, वस्त्रे बेतणारे, खोल्या सजविणारे असे अनेक प्रकारचे लोक तो ग्रंथ वाचू लागले. पुढे स्यूरा आणि सिन्याक या चित्रकारांनी शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी देऊन चित्रे काढण्याची जी पद्धत पाडली, तिला या ग्रंथाचा आधार होता. गोब्लँच्या रंगाऱ्यांवरचा आळ गेला, हे मात्र फारसे कोणी लक्षात ठेवले नाही.

काळ्या रंगाचा उलगडा झाला. पण उडणाऱ्या रंगांचा प्रश्न तसाच राहिला होता. तेथे डोळ्याचा भ्रम नव्हता. रंग खरोखरीच नाहीसा होत होता.

हा प्रश्न नवा नव्हता. फ्रान्समध्ये १६६९ साली, कोल्बेर हा मंत्री असताना, रंगाऱ्यांचे दोन वर्ग कायद्याने पाडण्यात आले होते. एका वर्गाने पक्के रंग वापरावयाचे आणि दुसऱ्याने कच्चे. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालावयाचा नाही, असा दंडक होता. पक्का कोणता आणि कच्चा कोणता, हे मात्र बऱ्याच अंशी परंपरेवर सोडलेले होते. पुढे १७३० नंतर दु फे नावाच्या शास्त्रज्ञाने रंगविलेल्या लोकरीचे तुकडे उन्हाळ्यात बारा दिवस उघड्यावर ठेवून कोणता रंग किती उडतो, ते पाहण्याची रीत घालून दिली. ऊन, दव, वारा यांच्या हवाली केलेला रंग आपली परीक्षा आपणच देई. ही रीत चांगली होती. पण तिच्यातून कोणता रंग उडतो एवढेच कळे. तो का उडतो, हे कळत नसे. ऊन, उष्णता, हवा आणि ओल ही चारही एकाच वेळी त्या तुकड्यावर पडत होती. चौघांनी मिळून केलेल्या चोरीत माल नेमका कोणी उचलला, हे कसे ठरवावे?

शेव्रेलने या चौघांना वेगळे करण्याचे ठरविले. सुती, रेशमी व लोकरी अशा तीन प्रकारच्या वस्त्रांचे तुकडे त्याने निरनिराळ्या रंगांत रंगविले. त्या रंगांची यादी वाचली, तर आपल्याला परक्या देशात ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटते. तीत हळद होती. करडईच्या फुलांपासून निघणारा कुसुंबा होता. नीळ होती. शेंद्रीच्या बियांचा केशरी रंग होता. आपल्या मसाल्यातील दगडफूल ज्या वर्गात मोडते, त्या वर्गातील सजीवांपासून काढलेला जांभळा रंगही होता. हळदीने माखलेले वस्त्र उन्हात वाळत घातले की डाग फिका पडतो, हे आपल्याकडे घराघरांतून ठाऊक आहे. तीच गोष्ट शेव्रेल काचेच्या पात्रात बंद करून पाहत होता.

कारण हे तुकडे त्याने नुसते उन्हात टांगले नाहीत. काही तुकडे त्याने हवा काढून घेतलेल्या कोरड्या पात्रांत बंद केले. काही कोरड्या हवेत, काही दमट हवेत, काही नुसत्या पाण्याच्या वाफेत, तर काही हायड्रोजन वायूत ठेवले. काही मोकळ्या वातावरणात राहिले. मग ही सर्व पात्रे सूर्यप्रकाशात मांडून तो वाट पाहू लागला. असे प्रयोग एका दिवसात, एका आठवड्यात उरकत नाहीत. पात्र फोडून पाहण्याची घाई केली, तर सारेच फुकट जाते. शिवाय सरकारी कारखान्याच्या अधिकाऱ्याकडून लोक तयार माल मागतात. उन्हात ठेवलेल्या बाटल्यांकडे पाहत बसणारा अधिकारी त्यांना मानवत नाही. शेव्रेलने घाई केली नाही. १८३७ साली त्याने आपले निष्कर्ष विज्ञान अकादमीपुढे मांडले.

ते निष्कर्ष ऐकणाऱ्यांना नवल वाटावे असेच होते. मोकळ्या हवेत ऊन लागताच जे रंग भराभर उडत, त्यांतील बहुतेक निर्वात पात्रात तेच ऊन खाऊनही टिकून राहिले! म्हणजे रंग उडविणारे ऊन एकटे नव्हते. ते हवेतील ऑक्सिजनला हाताशी धरून हे काम करीत होते. ओल असली म्हणजे या दोघांचे काम पुष्कळदा अधिक सोपे होई. प्रकाशाने रंगद्रव्याला डिवचावे आणि ऑक्सिजनने त्याच्याशी संयोग पावून त्याचे रूप पालटावे, असा हा प्रकार होता. रूप पालटले की रंग गेला. आणखी एक गोष्ट दिसून आली. एकच रंग कापूस, रेशीम आणि लोकर यांवर सारखाच टिकतो असे नाही. तेव्हा अमुक रंग पक्का, एवढेच म्हणणे पुरेसे नाही. कोणत्या धाग्यावर पक्का आणि कशा हवेत पक्का, हेही सांगितले पाहिजे.

परंतु निसर्ग आपल्या नियमांना अपवाद ठेवल्यावाचून राहत नाही. प्रशियन निळा या नावाचा एक रंग लोहापासून तयार करतात. नेपोलियनच्या काळात इंग्रजांशी वैर जुंपल्यामुळे फ्रान्सला नीळ मिळेनाशी झाली, तेव्हा या रंगाला फार मोल आले होते. या रंगाने सारे उलटेच केले. निर्वात पात्रात ऊन लागताच तो पांढरा पडला आणि पात्र फोडून त्याला हवेतील ऑक्सिजन मिळू देताच पुन्हा निळा झाला! इतर रंगांचा जो वैरी, तोच याचा वैद्य ठरला. शेव्रेलने हा अपवाद झाकून ठेवला नाही. उलट त्याचा मुद्दाम वेगळा अभ्यास केला.

रंग किती उडाला हे सांगावयाचे, तर मुळात तो कोणता होता हे नेमके सांगता आले पाहिजे. तांबडा म्हटल्याने कोणता तांबडा, हे कळत नाही. डाळिंबाच्या दाण्याचा, जास्वंदीचा, विटेचा आणि कुंकवाचा, सर्व तांबडेच. ही अडचण दूर करण्यासाठी शेव्रेलने रंगांचे वर्तुळ आखून त्याचे ७२ भाग केले. प्रत्येक भागात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २० पायऱ्या पाडल्या. मग तीच वर्तुळे क्रमाक्रमाने अधिकाधिक काळसर अशी आणखी नऊ वेळा मांडली. या रीतीने शुद्ध करड्या पायऱ्या धरून १४,४२० छटांना त्याने जागा नेमून दिली. गोब्लँच्या रंगशाळेत रंगाची नावे फुलांवरून आणि फळांवरून ठेवण्याची वहिवाट होती. तिच्या जागी शेव्रेलने अंक आणले. अंक रुक्ष खरे. पण ते उन्हात उडत नाहीत.

शेव्रेलच्या स्वभावातील एक गुण येथे सांगितला पाहिजे. जे डोळ्यांना दिसले, त्यावर तो एकदम विश्वास ठेवीत नसे. मग पाहणारा तो स्वतःच का असेना. त्याच्या तारुण्यात एका लंबकाची फार चर्चा होती. दोऱ्याला बांधलेली अंगठी किंवा लोखंडी वजन हातात धरून पाण्यावर किंवा पाऱ्यावर धरले, म्हणजे ते आपोआप झुलू लागते आणि त्यावरून गुप्त गोष्टी कळतात, असे लोक मानीत. शेव्रेलने तो प्रयोग करून पाहिला, तो त्याच्याही हातातील लंबक झुलू लागला! त्याने मग डोळ्यांवर पट्टी बांधवून घेतली आणि पुन्हा लंबक धरला. आता त्याचे झुलणे मंदावत थांबले. लंबक झुलतो आहे असे डोळे पाहतात, झुलावा असे मनाला वाटते आणि हात नकळत त्याला गती देतो, हे त्याने ओळखले. १८३३ साली त्याने ही हकीकत आंपेअर या शास्त्रज्ञाला पत्राने कळविली आणि पुढे १८५४ साली मेज फिरविणाऱ्या भुताखेतांच्या बैठकांचे पॅरिसमध्ये पेव फुटले, तेव्हा त्या विषयावर एक पुस्तकच लिहिले. दुसऱ्यांना खोटे ठरविण्यापूर्वी त्याने स्वतःचा हात तपासून पाहिला होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आले.

१८५६ साली इंग्लंडमध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्यांपासून सुंदर जांभळा रंग मिळाला. दोन-तीन वर्षांत फ्रान्समधील लिआँ येथे फुक्सिन नावाचा झगझगीत तांबडा-किरमिजी रंग निघाला. सारा युरोप या नव्या रंगांनी मोहून गेला. त्यांच्या तेजापुढे मंजिष्ठा आणि नीळ म्हाताऱ्या वाटू लागल्या. रेशमाचे व्यापारी तर हर्षभरित झाले. शेव्रेल तेव्हा सत्तरी ओलांडून गेला होता. त्याने नव्या रंगांचे स्वागत डोळे दिपवून घेऊन केले नाही. जी कसोटी जुन्या रंगांना, तीच नव्या रंगांना लावली. फुक्सिनने रंगविलेल्या रेशमाविषयी १८६० साली त्याने अकादमीपुढे टिपण मांडले. हे तेज उन्हात फार थोडे दिवस टिकणारे आहे, हे त्याला दिसले होते. एका समारंभापुरती वापरावयाची फीत आणि दोनशे वर्षे भिंतीवर राहावयाची चित्रजवनिका यांना एकच रंग चालणार नाही. पुढील काळात रसायनशास्त्रज्ञांनी याच डांबरातून अतिशय पक्के रंगही निर्माण केले. मंजिष्ठेचे रंगद्रव्य तर १८६९ पासून कारखान्यात तयार होऊ लागले. परंतु आरंभीच्या त्या रंगांविषयी वृद्ध शेव्रेलची पारख चुकली नाही.

शेव्रेलचे राहणीमान साधे होते. फ्रान्ससारख्या देशात राहून तो मद्याला शिवत नसे. त्याचे राहणे निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या वनस्पतिबागेत होते. तेथे तो १८३० पासून व्होक्लँच्या जागी प्राध्यापक होता आणि पुढे त्या संस्थेचा प्रमुखही झाला. १८७० साली प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा दिला. शहरात अन्न मिळेना. तरी चौऱ्याऐंशी वर्षांचा शेव्रेल शहर सोडून गेला नाही. जानेवारी १८७१ मध्ये तोफांचे गोळे वनस्पतिबागेत पडून काचगृहे फुटली, तेव्हा ज्ञानाच्या मंदिरावर झालेल्या त्या माऱ्याचा त्याने संस्थेच्या वतीने जाहीर निषेध नोंदविला. परक्यांनी जे केले, त्याहून मोठा घाव आपल्याच माणसांनी घातला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पॅरिसमधील यादवीत गोब्लँच्या कारखान्याला आग लावण्यात आली. कारखान्याचा काही भाग आणि संग्रहातील कितीतरी चित्रजवनिका जळून गेल्या. ऊन त्यांचे रंग दोनशे वर्षांत जितके नेऊ शकले नव्हते, तितके अग्नीने एका रात्रीत नेले.

शेव्रेल पुन्हा कामाला लागला. तो स्वतःला फ्रान्समधील सर्वांत वडील विद्यार्थी म्हणवून घेई. ३१ ऑगस्ट १८८६ रोजी त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा साऱ्या पॅरिसने उत्सव केला. संग्रहालयात त्याचा पुतळा बसविण्यात आला, मशालींची मिरवणूक निघाली. नादार या प्रख्यात छायाचित्रकाराने त्याच्याशी गप्पा मारल्या आणि त्या चालू असताना मुलाकडून त्याची छायाचित्रे घेववली. बोलणे आणि चित्रे मिळून ती मुलाखत वर्तमानपत्रात छापण्यात आली. अशा प्रकारच्या मुलाखतींपैकी ती अगदी पहिल्या काहींतील होय. फ्रान्सचा शेवटचा बूर्बाँ राजा ज्याने पाहिला, नेपोलियनचा उदय व अस्त ज्याने पाहिला, तो म्हातारा कॅमेऱ्यासमोर बसून रंगांविषयी उत्साहाने बोलत होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८८ साली, लंडनमध्ये रसेल आणि ॲबनी या दोघांनी जलरंगांच्या चित्रांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो, याविषयीचा अहवाल सादर केला. त्यांनीही रंग निर्वात नळ्यांत बंद करून उजेडात ठेवले होते. बहुतेक रंग टिकले. प्रशियन निळा मात्र तेथेही फिका पडला. शेव्रेलने अर्ध्या शतकापूर्वी जे पाहिले होते, तेच पुन्हा दिसले.

आज रंगाचा पक्केपणा मोजण्यासाठी निळ्या रंगाने रंगविलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या वापरतात. त्यांतील पहिली सर्वांत लवकर उडते आणि आठवी सर्वांत उशिरा. ज्या कापडाची परीक्षा घ्यावयाची, ते या पट्ट्यांच्या शेजारी तीव्र प्रकाशात ठेवून कोणत्या पट्टीच्या बरोबरीने ते विटते, ते पाहतात. त्यासाठी उन्हाळ्याची वाट पाहावी लागत नाही. झेनॉन वायूच्या दिव्याचा प्रकाश रात्रंदिवस मिळतो. संग्रहालयांतून जुन्या चित्रजवनिकांवर फक्त ५० लक्स एवढा मंद प्रकाश पडू देतात. काही अतिशय नाजूक वस्तू तर ऑक्सिजन काढून घेतलेल्या काचपेट्यांत ठेवल्या जातात. शेव्रेलच्या निर्वात पात्रांचीच ती थोरली भावंडे. आपल्याकडे आजी आपली पैठणी मऊ सुती कापडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवते, तेव्हा तीही उजेडाला दूर ठेवीत असते.

९ एप्रिल १८८९ रोजी पॅरिसमध्ये शेव्रेलचा मृत्यू झाला. तेव्हा त्याचे वय १०२ वर्षांचे होते. त्याचा एकुलता एक मुलगा काही दिवसांपूर्वीच वारला होता. नऊच दिवस आधी, ३१ मार्च रोजी, आयफेल मनोऱ्याचे काम पूर्ण झाले होते. या मनोऱ्याच्या चारी बाजूंना फ्रान्समधील शास्त्रज्ञ व अभियंते यांची सोनेरी अक्षरांत नावे आहेत. त्यांत शेव्रेलचेही नाव आहे. ती नावे एकंदर ७२ आहेत. त्याच्या रंगवर्तुळाचे भागही तितकेच होते, हा निव्वळ योगायोग. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मनोरा रंगविताना ती नावे रंगाखाली झाकली गेली आणि १९८६-८७ मध्ये ती पुन्हा उजेडात आणण्यात आली. मनोऱ्याचे लोखंड ऊनपावसाने गंजू नये, म्हणून सुमारे सात वर्षांनी एकदा त्याला नवा रंग द्यावा लागतो.